चैत्रगौरीची जमाबंदी

चैत्र शुद्ध तृतीयेपासून वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंतचा काळ हा महाराष्ट्र देशी कोणाकडे पाहुणा म्हणून जाण्यास सर्वथैव अयोग्य असा काळ होय. दुपारी बारापासून चारपर्यंत रस्त्यावरचे कुत्रेदेखील उभ्या गाडीखालची सावली सोडीत नाही. माठातले पाणी गार होण्यापूर्वीच संपते. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असल्यामुळे घरात शांततेचा मागमूस उरलेला नसतो. आणि अशा समयी ज्याला म्हणून थोडीबहुत अक्कल आहे तो गृहस्थ ओला पंचा पोटावर टाकून आपल्याच घरच्या थंडगार फरशीवर पडून राहणे पसंत करतो. परंतु हिमालयासारख्या थंड हवेच्या ठिकाणी जिचे कायमचे वास्तव्य आहे, ती भगवती गौरी नेमका हाच महिना माहेरपणासाठी निवडते आणि पुरता महिनाभर राहते. यावरून एवढेच अनुमान निघते की, माहेरच्या ओढीपुढे हवामानाचा विचार देवादिकांनाही सुचत नाही. अथवा, आमच्या एका व्यवहारचतुर स्नेह्यांच्या मते, कैलासावर कैरी मिळत नाही.

हीच देवी भाद्रपदात येते तेव्हा तिचे वर्तन अगदी निराळे असते. अनुराधा नक्षत्रावर आगमन, ज्येष्ठा नक्षत्रावर भोजन आणि मूळ नक्षत्रावर प्रस्थान असा तीन दिवसांचा आखीव दौरा. पुरणपोळी, सोळा भाज्या, घावन-घाटले असा जंगी सरंजाम. आणि मुहूर्त टळतो की काय या धास्तीने सबंध घराचा जीव टांगणीला लागलेला. ते दौऱ्यावर निघालेल्या अंमलदाराचे येणे होय. चैत्रात मात्र ती रजा घेऊन येते. वाटलेली डाळ, पेलाभर पन्हे आणि बसावयास झोपाळा, एवढ्यावर ती संतुष्ट असते. आणि तिच्या या साध्या राहणीच्या आडून गावातल्या यच्चयावत स्त्रिया एकमेकींच्या घरांची जी पाहणी, मोजदाद आणि रुजुवात उरकून घेतात, तिच्यापुढे, मामलेदार कचेरीत उमेदीची सगळी वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्या माणसालाही, सरकारी जमाबंदी म्हणजे निव्वळ पोरखेळ वाटू लागतो. आमच्या जमाबंदीला निदान कागद लागत असे. येथे सर्व दप्तर मुखोद्गत असते, आणि तरीही गेल्या वर्षी कोणाच्या पन्ह्यात वेलदोडा नव्हता याचा दाखला मागताक्षणी मिळतो.

या उत्सवाला शास्त्राधार नाही असे मात्र कोणी समजू नये. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी इ. स. १७९० च्या सुमारास सिद्ध केलेल्या धर्मसिंधूत चैत्र शुद्ध तृतीयेस शिवासहित गौरीचे पूजन करून महिनाभर तिला झोके द्यावेत असे स्पष्ट विधान आहे. शिवासहित हा त्यातील शब्द विचारात घेण्यासारखा आहे. कारण धर्मसिंधूतील कोणत्याही अन्य विधानाला आमच्या घरातील स्त्रियांनी इतक्या एकमताने बगल दिल्याचे मला आठवत नाही. झोपाळ्यात गौर एकटीच बसते. तिच्या शेजारी जागा असते, नाही असे नाही. पण त्या जागी मोगऱ्याची फुले ठेवतात. राजस्थानातल्या गणगौर उत्सवात तिच्याबरोबर ईसर म्हणून साक्षात शिव असतो, डोक्याला पगडी, कमरेला तलवार, मिशा पिळलेल्या. आणि जयपुरास त्रिपोलिया दरवाजातून तिची मिरवणूक निघते तेव्हा हत्ती-घोडे-उंटांचा लवाजमा तिच्यापुढे चालतो. होळीनंतर सुरू झालेला तो उत्सव चैत्र शुद्ध तृतीयेस संपतो, आणि त्याच तृतीयेस आमच्याकडे गौर पाळण्यात बसते. म्हणजे एकाच दिवशी तिकडे निरोप आणि इकडे स्वागत. मध्ये प्रवासाला म्हणून अर्धा दिवससुद्धा धरलेला नाही, आणि वाटेत कोठेतरी नवऱ्याला त्याच्या तलवारीसकट उतरवून दिलेले आहे.

याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. आमच्याकडे चैत्रगौर म्हणून जी पितळेची अन्नपूर्णा, हातात पळी धरलेली, झोपाळ्यात बसते, ती लग्नाच्या वेळी वधूने गौरीहर पुजून आपल्याबरोबर सासरी आणलेली असते. अर्थात ती वडिलार्जित इस्टेटीपैकी नव्हे. ती पत्नीच्या माहेरची. वर्षाचे अकरा महिने ती देवघरात आमच्या कुळाच्या टाकांच्या गर्दीत, किंचित मागच्या रांगेत, तक्रार न करता उभी असते. आणि चैत्रात एकदम उचलून मध्यभागी, उंचावर, गाद्यागिरद्यांच्या थाटात बसविली जाते. या एका महिन्यात घरातील सत्ता कोठे आहे याविषयी जर कोणाच्या मनात संदेह असेल तर त्याने त्या पितळी मूर्तीच्या मुखाकडे एकवार पाहावे. मी पाहिले आहे. त्या चेहऱ्यात आणि माझ्या सासूबाईंच्या चेहऱ्यात जे साम्य आहे ते केवळ घडविणाऱ्या तांबटाच्या हातचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

हळदीकुंकवाच्या दिवसासाठी आरास करतात, आणि आराशीला पायऱ्या लागतात. ज्यांच्या घरी यासाठी लाकडी मांडणी आहे ते भाग्यवान. इतरांच्या घरी पायऱ्या म्हणजे ट्रंका, धान्याचे डबे, शिवणयंत्राची पेटी आणि घरधन्याची जाडजूड पुस्तके यांची रचलेली उतरंड, जिच्यावर जरीकाठी शालू पसरला की खालच्या वस्तुस्थितीचा पत्ता कोणाला लागू नये. पत्ता लागत नाही हे खरे, परंतु त्यामुळेच एक विचित्र परिस्थिती उद्भवते. कोणत्याही घरात महत्त्वाचे कागद सर्वांत मजबूत ट्रंकेत ठेवण्याचा प्रघात आहे, आणि देवीच्या आसनाखाली सर्वांत मजबूत ट्रंक ठेवण्याचाही प्रघात आहे. परिणामी विम्याचा हप्ता, घरपट्टीची पावती, सातबाराचा उतारा, मुलाचा जन्मदाखला, अशा ज्या ज्या कागदाची नड एप्रिलात हटकून पडते तो तो कागद जगन्मातेच्या थेट जप्तीत जातो. मागावयास गेले तर, ‘आता अक्षय्य तृतीयेनंतर,’ असे उत्तर मिळते, आणि त्यावर अपील नाही. उभ्या आयुष्यात मी लोकांना ‘साहेब दौऱ्यावर आहेत, नंतर या,’ असे सांगत आलो, त्याचे माप पदरात पडत आहे असे समजून मी गप्प बसतो.

पायऱ्यांवर काय मांडावे यालाही संकेत आहेत. बाहुल्या, शोभेच्या वस्तू, फराळाचे पदार्थ, कलिंगडाचे कोरून केलेले कमळ, काकडीची बोट, आरसे, समया; आणि पूर्वी वाड्यातून अंगण होते तेव्हा मातीत अळीव पेरून आठ दिवसांत त्याचे हिरवेगार शेत उगवीत व त्यात चिमुकले विहिरीचे रहाटगाडगे उभे करीत. या शेताला पाणी घालण्याचे काम मुलांकडे असे. माझ्या पाहण्यात असे एकही शेत आलेले नाही की जे अतिवृष्टीने वाहून गेले नाही.

अंगणात काढावयाचे चैत्रांगण हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय. सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मे, नाग, कासव, हत्ती, तुळशीवृंदावन, फणी, करंडा, आरसा, पाळण्यातली गौर, आंब्याचे झाड, अशी चिन्हे रांगोळीने काढीत जातात. त्यांची संख्या कोणी एक्कावन्न सांगते, कोणी चौसष्ट, आणि या मतभेदावरून सख्ख्या जावांमध्ये अबोला धरला गेल्याची उदाहरणे आहेत. चराचर सृष्टीची ही शिरगणतीच म्हणावयाची. सृष्टी जेव्हा वाड्याच्या अंगणात मावत होती तेव्हा ठीक होते. आता तिसऱ्या मजल्यावरच्या दारापुढे, पायपुसणे उचलून ठेवल्यावर जी दोन फरश्यांची जहागीर मोकळी होते, तीत तीच सृष्टी बसवावयाची म्हणजे प्रमाणाचा सारा बंदोबस्त कोलमडतो: हत्ती आणि कासव एका मापाचे होतात, गदा चक्रात घुसते, आणि दुधाच्या पिशव्या टाकणारा मुलगा सूर्य व चंद्र यांच्यामध्ये एक पाय ठेवून, दुसरा हवेत धरून, घंटी वाजवितो.

आता तारखांचा प्रश्न. महिना तीस तिथींचा असला तरी हळदीकुंकवास मंगळवार-शुक्रवारच प्रशस्त, म्हणजे सगळे मिळून आठ-नऊ दिवस हाती राहतात. त्यांतून कोणाची नड, कोणाचे गावी लग्न, कोणाच्या मुलीचे बाळंतपण, आणि एकाच आळीतील दोन घरांनी एकच शुक्रवार धरू नये हा अलिखित कायदा. ही वाटणी जी होते ती कोणत्याही सभेवाचून, ठरावावाचून, केवळ भाजीच्या दुकानासमोरील पाच-पाच मिनिटांच्या मसलतींतून होते, आणि पाण्याच्या पाळ्यांवरून वर्षानुवर्षे फौजदाऱ्या करणारे आमचे कास्तकार ती पाहतील तर लज्जेने मान खाली घालतील. दोन घरांनी तोच दिवस धरलाच तर माघार कोणी घ्यावयाची हे वयावर, हुद्द्यावर वा संपत्तीवर ठरत नाही; ज्या घरची डाळ अधिक चांगली त्या घरासाठी दुसरीने माघार घ्यावयाची, आणि घेताना ‘आमच्या ह्यांना बरं नाहीये’ हे कारण द्यावयाचे. त्यामुळे चैत्र महिन्यात पेठेतील अनेक धडधाकट पुरुष, स्वतःला कळण्यापूर्वीच, आजारी असतात.

पूर्वी बोलावणे करण्यास परकरी मुली घरोघर हिंडत. दारातूनच एका दमात निरोप सांगून पळावयाचे, आणि कोणते घर राहिले हे परत आल्यावर कळले की पुन्हा धाडावयाचे. आता भ्रमणध्वनीवरील समूहात एक संदेश जातो, त्याच्या खाली हात जोडल्याच्या आकृत्यांची रांग लागते, आणि येणार कोण, नाही कोण, याचा अंदाज अजिबात न आल्याने डाळ कायम तरी उरते किंवा कायम तरी अपुरी पडते. परकऱ्या मुलींची मनुष्यगणना अधिक भरवशाची होती. त्या दारातल्या चपलाही मोजून येत.

हळदीकुंकवाच्या दिवशी घरातील पुरुषाचे काय करावे याविषयी धर्मसिंधू मौन धरून आहे. शंकराला कैलासावर ठेवून गौरीने स्वतःपुरता प्रश्न सोडविला. आम्हाला कैलास नाही. सकाळी नारळ फोडणे, सतरंजी झटकणे, उंचावरची समई उतरविणे इतक्यापुरती आपली गरज भासते, आणि या कामांतही आपण जी गती दाखवितो ती फारशी वाखाणली जात नाही. चारच्या सुमारास ‘तुम्ही जाणार होता ना कुठे?’ असा प्रश्न येतो. आपण कोठेही जाणार नव्हतो, परंतु प्रश्नाचा रोख लक्षात घेता जाणार होतो असेच म्हणावे लागते. त्या दिवशी पेठेतल्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात एकाएकी जी ज्ञानलालसा उसळते, पर्वतीच्या पायऱ्यांवर जी भक्ती दाटते, आणि बागेतल्या बाकांवर हातात कालचे वर्तमानपत्र धरून जे प्रौढ गृहस्थ अस्तमानाची वाट पाहत बसलेले आढळतात, त्या सर्वांचे मूळ त्यांच्या त्यांच्या घरच्या झोपाळ्यात आहे. आम्ही एकमेकांना ओळखतो; नमस्कार करतो; कारण विचारीत नाही.

ज्यांना बाहेर जाण्याचे बळ उरलेले नाही त्यांची रवानगी मागच्या खोलीत होते. तेथे दार लोटून बसले असता जे ऐकू येते ते बाहेरच्यांच्या वाट्यास येत नाही. पाचापासून वर्दळ सुरू होते. हळदीकुंकू लावणे, हाताला अत्तर, गुलाबदाणीतून गुलाबपाण्याचा शिडकावा, केसांत मोगऱ्याचा गजरा, मग द्रोणातली डाळ, मग पन्हे, मग ओटीत भिजवलेले हरभरे आणि बत्तासा किंवा काकडीचा तुकडा, असा क्रम ठरलेला. आणि या साऱ्या क्रमात बोलणे क्षणभरही खंडित होत नाही. मध्येच नाव घेण्याचा आग्रह होतो. ज्या पत्नीने संसाराच्या प्रदीर्घ कारकिर्दीत आपल्याला ‘अहो’ या पलीकडे संबोधिले नाही, ती पंचवीस बायकांच्या समक्ष खड्या आवाजात आपले नाव, झोपाळा, कैरी, वाळ्याचे पाणी यांच्याशी यमक जुळवीत, घेते. आणि दाराआड बसलेला तो नामधारी इसम, स्वतःच्या घरात स्वतःच्या नावाला टाळ्या पडल्याचे ऐकून, इतका गहिवरतो की आपल्याला पन्हे अद्याप कोणी आणून दिलेले नाही याचाही त्याला थोडा वेळ विसर पडतो.

परंतु या सोहळ्याचा खरा गाभा डाळ हाच. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, उपसून, भरड वाटावी. कैरी किसून तीत मिसळावी. हिरवी मिरची, मीठ, साखर, ओले खोबरे, कोथिंबीर घालून वर मोहरी-हिंग-हळदीची चरचरीत फोडणी द्यावी. शिजविण्याचे काम नाही. ऐकावयास सोपे वाटते, आणि तेथेच नवख्या सुना फसतात. कैरी किती आंबट निघेल हे ती चिरेपर्यंत कळत नाही, साखर किती हे घराण्यावर अवलंबून, आणि वाटणाचा पोत तर प्रत्यक्ष चारित्र्याची कसोटी. पाट्यावर वाटीत तोपर्यंत डाळीचा कण दाताखाली यावयाचा. आता यंत्राचे बटण एक क्षण अधिक दाबले गेले की भरड डाळीचे पिठले होते, मग ते झाकण्यासाठी खोबरे वाढते, खोबऱ्यासाठी मीठ, मिठासाठी साखर, आणि अखेरीस जो पदार्थ द्रोणात येतो त्याला डाळ म्हणण्यास केवळ प्रसंगाचे पावित्र्यच कारणीभूत असते. बरे, ही कच्ची डाळ तहान लावणारी. म्हणून लगोलग उकडलेल्या कैरीच्या गराचे गूळ-वेलदोडा घातलेले पन्हे पुढे यावे, ही योजना ज्या कोणा पूर्वज स्त्रीने केली तिला मी कोणत्याही दिवाणाच्या वरची बैठक देईन.

डाळीवरचा अभिप्राय यजमानिणीच्या घरात द्यावयाचा नसतो. तेथे सगळ्याच डाळी उत्तम असतात. तेथे हरभऱ्याची डाळ वाढणारीला हरभऱ्याच्याच झाडावर चढविण्याचा रिवाज आहे. खरा निवाडा जिन्यात होतो. पहिल्या वळणापर्यंत कोणी बोलत नाही. दुसऱ्या वळणावर कोणीतरी, ‘गोडाला जरा जास्तच नाही का?’ असा प्रास्ताविक प्रश्न टाकते. तळमजल्यावर पोहोचेपर्यंत साखर, मीठ, फोडणी, आराशीतला गतवर्षीचाच शालू, आणि बत्तासे कोठल्या दुकानचे, या सर्व बाबींचा पंचनामा पुरा होऊन सह्या तेवढ्या बाकी राहिलेल्या असतात. मागच्या खोलीची खिडकी जिन्याकडे उघडत असल्यास घरधन्याला हा निकाल यजमानिणीच्या आधी कळतो. तो त्याने स्वतःजवळच ठेवावा, हे मी अनुभवाने सांगतो.

एका बाबतीत मात्र मला या थाटावर हसू येत नाही. आमची आत्या लहानपणी विधवा होऊन भावाकडे राहिलेली. सबंध वाड्याची डाळ तिने वाटावयाची, कैरी तिने चाखून निवडावयाची, मीठ-साखरेचा शेवटचा हात तिचा. आणि संध्याकाळी बायका जमल्या की तिने स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत बसून राहावयाचे. डाळीची वाहवा माजघरातून तिच्यापर्यंत ऐकू जाई, एवढीच तिची ओटी. ज्या उत्सवात नवऱ्याला, देवाच्या असो की माणसाच्या, दारापाशीसुद्धा फिरकू देत नाहीत, त्यात प्रवेशाचा परवाना मात्र नवरा हयात असण्यावर मिळावा, ही तर्कसंगती कोणत्या न्यायशास्त्रात बसते हे मला उमगलेले नाही. अलीकडे अनेक घरी बोलावणे सर्वांना जाते, सर्वांच्याच ओट्या भरल्या जातात. काही घरी जात नाही. जेथे जात नाही तेथील डाळ मला कधीच रुचलेली नाही, मग ती कितीही भरड वाटलेली असो.

आता हरभरे. प्रत्येक घरी प्रत्येक स्त्रीच्या ओटीत ओंजळभर भिजवलेले हरभरे पडतात. हरभरा भिजला की त्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते, ही निसर्गाची करणी. आणि शुक्रवारी एकाच संध्याकाळी चार घरे गाठावयाची असतात, ही समाजाची. या दोहोंचा गुणाकार रात्री आठ वाजता आपल्या स्वयंपाकघरात येऊन पडतो. ते हरभरे वाळवून ठेवता येत नाहीत, टाकता येत नाहीत, कारण प्रसाद. आणि शेजारी देता येत नाहीत, कारण शेजारची तीच चार घरे फिरून आलेली असते. सबब ते खावे लागतात. शनिवारी उसळ होते. रविवारी, उरलेल्यांना मोड आलेले असल्याने, मोडाची उसळ. सोमवारी ते वाटून त्यांचे वडे. मंगळवारी पहाटे आपल्याला वाटते की संपले, आणि मंगळवारी संध्याकाळी पुन्हा हळदीकुंकू असते. जमा आणि खर्च यांचा असा अखंड मेळ मी कोणत्याही खजिन्यात पाहिला नाही. फरक इतकाच की, खर्चाच्या रकान्यात सदैव पुरुषवर्गाचे नाव असते.

या पद्धतीच्या उगमाविषयी माझी एक उपपत्ती आहे, जी विद्वानांनी तपासून पाहावी. पूर्वीच्या काळी सरदार-दरकदारांच्या दारी घोडा असे, आणि मराठ्यांच्या पागांतून घोड्यांना हरभऱ्याची चंदी देत हे तर दप्तरांवरून सिद्धच आहे. त्या काळी ओटीतले जादा हरभरे परस्पर तबेल्यात जात असले पाहिजेत, आणि कोणाची तक्रार नसली पाहिजे. पुढे स्वाऱ्या थांबल्या, सरंजाम गेले, दारचा घोडा गेला. चंदी तेवढी मागे राहिली, आणि ती संपविण्याचे वतन, दुसरा कोणी वारस न सापडल्यामुळे, घरधन्याकडे चालत आले.

परदेशी गेलेली मराठी मंडळी हा सण विसरलेली नाहीत. तेथे मंगळवार-शुक्रवारी कचेऱ्या असल्यामुळे गौर शनिवारी हळदीकुंकू घेते. कैरी गोठविलेल्या फोडींच्या रूपाने मिळते. आणि कित्येक ठिकाणी त्या सुमारास बाहेर अजून थंडी असल्याने वाळ्याचे गार पन्हे अंगात लोकरीचा बनियन घालून प्यावे लागते. आमची भाची लिहिते की, तिच्याकडे पाहुणी येणारी प्रत्येक बाई नवऱ्याला बरोबर घेऊन येते, कारण गाडी तोच हाकतो, आणि हे सगळे पुरुष मग दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकास ओळीने बसून डाळ खातात व मत देतात. ईसरासारखेच, फक्त तलवारीवाचून. ही चाल इकडे न यावी. डाळीवर उघड मत देण्याचे परिणाम त्या मंडळींना अजून ठाऊक नसावेत.

महिना मोठा असला म्हणजे कामे लवकर होतात असा जो समज आहे तो या उत्सवाइतका दुसऱ्या कशानेही खोटा ठरत नाही. पहिले दोन शुक्रवार ‘अजून पुष्कळ दिवस आहेत’ या विश्वासात जातात. तिसऱ्याला कोणाकडे तरी लग्न निघते. आणि मग अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत, मंगळवार-शुक्रवाराचा विधिनिषेध गुंडाळून ठेवून, सगळे गाव एकदम उठते. मार्चअखेरीस खजिन्यात बिलांची जी झुंबड मी पाहिली आहे, तिची बरोबरी करील अशी गर्दी मग आमच्या जिन्यात उसळते. एका संध्याकाळी सहा-सहा, सात-सात घरे. तिसऱ्या घरापासून डाळ नुसती हुंगावयाची, पाचव्यापासून पन्ह्याला ओठ लावावयाचे, आणि शेवटच्या घरी यजमानिणीने आग्रह करू नये अशी मनोमन गौरीलाच प्रार्थना करावयाची. त्यातच झाडावरच्या कैऱ्या तोवर पाडाला लागलेल्या असतात. आंबटपणा गेलेला, आत पिवळी झाक आलेली, अशा कैरीची डाळ गोडमिट्ट लागणारच. पण जिन्यातल्या न्यायासनापुढे ऋतुमानाची सबब चालत नाही.

आमच्या घरचे हळदीकुंकू हटकून याच दिवसांत येते. ‘पुढच्या वर्षी पहिल्याच शुक्रवारी करायचं, काय वाट्टेल ते होवो,’ असे सौभाग्यवतींनी रिकाम्या पातेल्याकडे पाहत जाहीर केले. मी जिन्यात काय ऐकले ते सांगितले नाही. आणि दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया असल्याने, त्या वर्षातला पहिला आमरस पानात आला. मी पाटावर बसलो. रसाची वाटी होती, कुरडई होती, आणि वाटीच्या शेजारी, झाकली मूठ म्हणावी इतक्या बेताने वाढलेली, हरभऱ्याची उसळ होती.